मशीद हीच

वेलची कुटल्याचा वास आला की माझ्या जिभेवर रक्ताची चव येते. भिजवून मोकळे केलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, आणि त्या शुभ्र राशीवर टेकवलेली सब्जाची हिरवी डहाळी, असा आमचा मलिदा. एलियाहू नबीचं नाव घेऊन मांडलेलं ते ताट पनवेलच्या आम्हा बेने इस्रायली ज्यूंच्या घरांत आनंदाच्या प्रत्येक प्रसंगी दरवळतं, आणि बाकीचे डोळे मिटून तो गंध घेत असतात तेव्हा मी दाराकडे बघत असते.

द्रुतगती महामार्ग अजून नवा होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. बाबा रिक्षा चालवायचे, आई सही करताना जीभ दातांत धरायची, आणि अशा घरातून मी बी.ए. झाले हे सांगताना मला तेव्हा संकोच वाटला नाही, आजही वाटत नाही. म्हणून समाजाने तीन ज्येष्ठांचा सत्कार ठरवला, तेव्हा मानपत्रं लिहिण्याचं काम मी हक्काने मागून घेतलं. एक निवृत्त परिचारिका, एक मास्तर आणि तिसरे दानियलकाका, एसटीच्या डेपोतले मेकॅनिक. आमच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. अर्धीअधिक घरं इस्रायलला निघून गेल्यावर ते दहा जमणं दुर्घट झालं. पण काका दर शुक्रवारी सूर्य कलायच्या आत रोडपालीपासून करंजाड्यापर्यंत स्कूटर पिटाळत, आणि एकेकाला मागे बसवून आणत. कोणाला ताप असला तर म्हणत, "ताप घेऊन ये. अकरावा मोजू त्याला."

मानपत्रात मी 'प्रार्थनामंदिर' असा शब्द योजला होता. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला. "हे कुठं आलं गं? मी तर मशिदीत जातो."

खरं होतं. आमच्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हटलं.

"काका, लोकांचा घोटाळा होतो. शुद्ध शब्द नको?"

"रिक्षात बसून तुझा हा शुद्ध शब्द सांगितला, तर तुझा बाप तरी कुठं नेऊन सोडेल, विचार त्याला. आणि आटप थोडक्यात. तुझं वाचून होईस्तोवर मलिदा आंबेल."

बाबा खो-खो हसले. मी चिडले. चिडून फाटकावरच्या कापडी फलकावर, घ्या तुमची मशीद म्हणून, वीतभर अक्षरांत रंगवलं: 'आमच्या मशिदीत सत्कार समारंभ'.

त्या आठवड्यात दूर कुठल्याशा गावात काहीतरी पेटलं होतं. रविवारची सकाळ मात्र नितळ होती. रंगीत तावदानांतून उतरलेलं ऊन ताटावर निळं-तांबडं पसरलं होतं. सब्जाची डहाळी दर वेळेसारखी हमीदचाचांच्या अंगणातली होती, सकाळीच त्यांनी नातीच्या हाती पाठवलेली. मागच्या आळीत त्यांची मशीद. तिथे शनिवार-रविवारी सकाळी लहान मुलं कुराण शिकायला बसत, आणि त्यांचा एकसुरी, झुलता पाठ भिंतीपलीकडून आमच्या हिब्रू प्रार्थनेत मिसळत असे.

पळस्प्याच्या बाजूने दोन टेम्पो आले. ती माणसं कोण, कुठली, मला कधीच कळलं नाही. त्यांनी माझा फलक वाचला. त्यातला एकच शब्द वाचला.

पहिल्या दगडाने निळं तावदान फोडलं. दुसरा मास्तरांच्या कानशिलावर बसला आणि पांढऱ्या टोपीची कड क्षणात काळपट लाल झाली. फाटकावर लोखंडी कांबी आपटू लागल्या, बिजागऱ्या किंचाळल्या, बायका बाकांखाली शिरल्या, कुणाच्या तरी तळव्यात काच घुसून तो हात ताटावर पडला आणि मलिदा रक्ताने भिजला. आणि मी, आमच्या घरातली पहिली पदवीधर, दारात जाऊन उभी राहिले आणि वक्तृत्वस्पर्धेत बोलावं तशा खणखणीत आवाजात ओरडले, "ही मशीद नाही! आम्ही मुसलमान नाही, ज्यू आहोत! मशीद मागच्या आळीत आहे!"

कांबी थांबल्या. त्या स्तब्धतेत भिंतीपलीकडच्या मुलांचा पाठ स्वच्छ ऐकू आला.

"मागच्या म्हणजे? रस्ता कुठनं?" पुढच्याने विचारलं.

माझा हात वर होत होता. माझाच हात, मी तो पाहत होते. दानियलकाकांनी तो धरून खाली ओढला, मला मागे ढकललं आणि पायरी उतरून ते फाटकाशी गेले.

"पोरगी घाबरलीय, काहीही बरळते. मशीद हीच. वाचता येत नाय का रे? लिहिलंय की एवढं मोठं!"

पहिली कांब उजव्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज वाळल्या फांदीसारखा नसतो. तो ओला, बोथट असतो. मग खांदा. मग डोकं. ते पडले तरी माणसं मारत राहिली, आणि पोलिसांची गाडी येईपर्यंतचा तो सगळा वेळ त्या आवाजाखाली मुलांचा पाठ चालू होता, आणि मग कुणीतरी घाईघाईने त्यांना आत नेलं असावं, कारण तो थांबला.

काका वाचले. हात मात्र पुन्हा सरळ झाला नाही. इस्पितळात मी रडत काही सांगू लागले तर त्यांनी बँडेजातून एक डोळा उघडला. "मानपत्र वाचलं मी. चांगलंय. लांबलंय." मग, "स्कूटर येते ना गं तुला? शुक्रवार परवाच आहे." तेव्हापासून प्रार्थनेची माणसं मी आणते. मला त्या दहांत धरत नाहीत. दहा मात्र माझ्यामुळे होतात. आपण काय ओरडलो, ते त्या कल्लोळात कोणी ऐकलं, हे मी कधी विचारलं नाही. काकांनी कधी उच्चारलं नाही.

मागच्या वर्षी काका गेले. सातव्या दिवशी हमीदचाचा काठी टेकत आले, हातात सब्जाची डहाळी. "बेटी, त्या दिवशी तुम्ही लोकांनी आमच्या पोरांची जान वाचवलीत," ते म्हणाले. "माझी नात होती आत. रोज दुआ मागतो मी तुमच्यासाठी."

मी डहाळी घेतली. तिचा तो गार, तिखट-गोड गंध अंगभर चढला. मानपत्रात दानियलकाकांविषयी सगळं होतं, त्या रविवारची एक ओळ सोडून; ती मी नंतरही कधी जोडली नाही. आणि ती ओळ माझ्याविषयी लिहिल्याशिवाय लिहिता येत नव्हती.

"चाचा," मी म्हणाले.

ते वळता वळता थांबले आणि कानामागे हात धरून माझ्या पुढच्या शब्दाची वाट पाहू लागले.