बेहड्यातली बाळंतीण

वाडीत कुणाकडे पाळणा हलला की दमयंतीकाकींना बोलावणं ठरलेलं. बाळंतिणीला शेकावं, बाळाला पायांवर घेऊन तेल चोळून न्हाऊ घालावं, तर त्यांनीच. संगमेश्वराकडच्या त्या वाडीतली निम्मी डोकी त्यांनीच हळूहळू दाबून गोल केलेली. त्यामुळे मिशीवाल्या बाप्यांशीही त्या टोपड्यातल्या पोराशी बोलावं तशाच बोलतात.

त्या उन्हाळ्यात पुतण्या निलेश मुंबईची नोकरी सोडून आला आणि पऱ्याच्या ओढ्याकाठचं आपलं रान साफ करून काजू लावायच्या मागे लागला. आसपासच्या टेकड्यांवर काजूच्या रांगा केव्हाच चढल्या होत्या. जुनं रान फाटक्या गोधडीसारखं, इथे एक तुकडा, तिथे एक. देवराईपासून काकींच्या परसापर्यंत सलग अशी ही ओढ्याकाठची एकच पट्टी उरलेली, उंबर-जांभळांनी भरलेली.

आणि परसातल्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी अंड्यांवर बसलेली. ढोलीचं तोंड लिंपून घेतलेलं, चोचीपुरती फट तेवढी उघडी. नर दिवसभर पट्टीतली उंबरं आणून भरवायचा.

"निलेश, घरात बाळंतीण हाय. ती उठेपर्यंत झाडाला हात लावू नको," काकी म्हणाल्या.

"कोण बाळंतीण?"

काकींनी बेहड्याकडे मान उडवली. निलेश हसला. "नर लांबून आणील की, काकी. पंख आहेत त्याला."

"लांब कुठून? सगळीकडे तुमचा काजूच. आणि तिनं पिसं टाकलीत रे, तिला उडता येत नाय. तो कमी पडला तर आत पिल्लं उपाशी."

"कलमं येऊन पडलीत, काकी. पावसाआधी खड्डे झाले नाहीत तर वर्ष गेलं."

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. चालवणारा स्वरूप, नुकताच बाप झालेला. काकी सकाळीच त्याच्या बाळाला न्हाऊ घालून आल्या होत्या.

"काय रे, बायकोला खायला कोण आणून देतं?"

"मीच."

"आणि वाटेतलं दुकानच कुणी पाडलं तर?"

तेवढ्यात नर आला आणि फटीतून एकेक उंबर आत सरकवू लागला. स्वरूप बघत राहिला. मग किल्ली काढून म्हणाला, "निलेशदादा, माझ्याच्याने नाय होणार. उद्या माझं पोर यांच्या पायांवर असणार."

"मग कलमं सुकवू का मी?" निलेश चिडला.

"माझ्या परसात ठेव, पाणी मी घालते," काकी म्हणाल्या. "खड्डे वरच्या वरकस जमिनीत मार. तिथं नाचणी करतंय कोण आता?"

"दगड लागतो तिथे."

"मग हे पिवळं धूड कशाला आणलंस? दगड फोडायलाच ना?"

स्वरूप खो खो हसला. निलेशने चडफडत जेसीबी वर वरकसाकडे न्यायला सांगितला.

मग कलमं बघायच्या निमित्ताने तो रोज परसात येऊ लागला. पण तोंड बेहड्याकडेच. काकी चहा आणून ठेवत, तो गार होई. मे सरता सरता मादी लिंपण फोडून बाहेर आली, पाठोपाठ पिल्लूही बाहेर पडलं, धडपडत उडालं आणि थेट उंबरावर जाऊन आदळलं.

"काकी, पुढच्या वर्षी येतील ना परत?"

"पट्टी राहिली तर येतील."

"राहील," निलेश म्हणाला.

"बरं. आता तुझ्या घरी मला कधी बोलावतोस, तेवढं सांग."

निलेशने दोन हातांत दोन कलमं उचलली आणि वरकसाची चढण धरली.