जांभूळटेपाचे ठोके

जांभूळटेपावरच्या एकतीस माणसांची नावं माझ्या यादीत होती. ठकुबाईंचं नव्हतं. तरी ही हकीकत ठकुबाईंचीच आहे, आणि मी ती सांगते कारण दुसरं कोणी सांगणार नाही. वाडीवर विचारायला गेलात तर माणसं विषय बदलतात आणि चहा ठेवतात.

मी नुजहत. भोरच्या एसटी स्टँडजवळ एका संस्थेचं ऑफिस आहे, तिथे मी कॉम्प्युटरवर बसते. भोरच्या कडेच्या आणि वेल्ह्याच्या अंगाच्या बेचाळीस वाड्यांमधल्या बीपी-शुगरच्या माणसांवर लक्ष ठेवायचं, हे आमचं काम. प्रत्येक वाडीत एक सखी, तिच्याकडे मोबाईल आणि दंडाला पट्टा बांधायचं मशीन. सखीनं मोबाईलवर माणसाचं नाव दाबायचं, पट्टा बांधायचा, की आकडे थेट माझ्या स्क्रीनवर. बीपी ताब्यात असलं तर नाव हिरवं, वाढलं तर लाल, महिनाभर मोजलंच नाही तर काळं. गोळ्यांची पाकिटंही त्याच यादीवरून नावानिशी जातात. यादीत नाव नाही, तर पाकीट नाही.

काळ्या नावांचा मला भारी राग. अब्बा म्हणतात, ही पोरगी बोलते कमी आणि चावते जास्त. खोटं नाही ते. गेल्या वर्षी आषाढात, भाताच्या लावणीच्या दिवसांत, जांभूळटेपाची एकोणीस नावं काळी पडली. मी तिथल्या सखीला, मंगलला, फोनवर असं फैलावर घेतलं की ऑफिसातली माणसं माना वळवून बघायला लागली.

"माणसं चिखलात हायेत वो ताई," ती म्हणाली. "दिस उगवायच्या आत जात्यात, अंधार पडल्यावर येत्यात. कुणाला धरू?"

"मला सबबी नकोत, मंगल. आकडे हवेत."

चार दिवसांत आकडे आले. एकतीसच्या एकतीस, सगळे हिरवे. पुढच्या महिन्यातही तसेच, दिवाळीतही तसेच. पुण्याच्या बैठकीत साहेबांनी जांभूळटेपाचं नाव घेऊन कौतुक केलं आणि मी पेढे वाटले. वाडीवर मात्र मी वर्षभर फिरकले नाही. आकडे हिरवे असताना डोंगर चढतो कोण?

फाल्गुनात पहिल्यांदा खटकलं. फुलाबाई सत्तरीच्या, गोरख चौतिशीचा, रतनबाई मधल्या वयाच्या. तिघांचाही वरचा आकडा एकशे पन्नासच्या आसपास. मी पूर्ण यादी उघडली. सगळ्यांचा तोच. चैत्रात सगळे मिळून एकशे चौसष्टवर गेले, वैशाखात एकशे अठ्ठ्याहत्तरवर. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. मशीन नाडीचे ठोकेही मोजतं आणि ठोका मध्येच चुकत असेल तर छोटी खूण करतं. ती खूण एकतिसांच्या नावापुढे होती. म्हातारी असो की तरणा, सगळ्यांचा ठोका सारखाच चुकत होता.

मशीनं दुरुस्त करणारा कुमार म्हणाला, मशीन गेलं असेल. त्यानं नवं पाठवलं. ज्येष्ठात आकडा एकशे नव्वदवर गेला.

"मशीन न्हाई हे," कुमार हसत म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. "टेपावर कुणाचं तरी काही तरी राहिलंय बघा."

मी एकेकाला फोन लावले. गोरख म्हणाला, "मला काय धाड भरलीय? बैलावानी हाय मी." फुलाबाई म्हणाल्या, इतकं बरं गेल्या धा वर्सांत वाटलं नव्हतं. सगळ्यांचं एकच. बोलता बोलता मी विचारायची, "मोजायला कुठे बसता?" की पलीकडून फोन बंद.

आमच्या डॉक्टरांनी आकडे पाहिले आणि चष्मा काढला. म्हणाले, "नुजहत, डोस वाढवायचा तर आधी जाऊन बघून ये. हे आकडे ज्याचे कुणाचे असतील, त्याला आठवड्याभरात झटका येईल." डॉक्टर असं का बोलले, 'ज्याचे कुणाचे', ते मला रात्रभर कळलं नाही. मी फक्त डोळ्यांसमोर एकतीस तिरड्या बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी एसटीनं शेवटच्या फाट्यापर्यंत गेले आणि पुढे चढले. धुकं इतकं की आपलीच चप्पल दिसत नव्हती. वाडीवर पोचले तर एकाही घरातून आवाज नाही. दारांना बाहेरून कड्या. कोंबड्यासुद्धा वळचणीला अंग आखडून गप्प बसलेल्या. मंगलच्या घरालाही कडी. मला भीती वाटली, हे कबूल करायला मला लाज नाही.

खालच्या अंगाला खाचरांत माणसं होती. एका ओळीत वाकून लावणी चालली होती, डोक्यावर प्लास्टिकचे कागद. मी बांधावर उभी राहिले तेव्हा गोरख ताठ झाला. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात, हातात रोपांची मूठ.

तेवढ्यात माझ्या पिशवीतला ऑफिसचा टॅब वाजला; नवे आकडे आले की तो वाजतो. मी बाहेर काढला. गोरख, एकशे अठ्ठ्याण्णव, एकशे चौदा. वेळ, आत्ताची.

मी गोरखकडे बघितलं. तो माझ्यापासून पाच हातांवर उभा होता. त्याचे दंड उघडे, ओले, मोकळे. टॅब पुन्हा वाजला. फुलाबाई. त्या ओळीच्या टोकाला वाकलेल्या होत्या. पुन्हा वाजला. रतनबाई. रतनबाई रोपं खोचत होत्या.

"कोण मोजतंय?" मी ओरडले. "कुणाचं मोजतंय?"

सगळी ओळ थांबली. सगळ्यांच्या नजरा वरच्या एका घराकडे गेल्या आणि लगेच चिखलात परतल्या.

"ताई, बांधावर बसा," गोरख हलक्या आवाजात म्हणाला. "वर जाऊ नगा. समदी नावं झाली की मंगल यील खाली. मधी उठवलं तर बाधतं."

"कुणाला बाधतं?"

तो पुन्हा लावणीला वाकला. मी अर्थातच वर गेले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार, चुलीचा धूर. खांबाला टेकून एक बाई बसली होती, साठीच्या आतली, डोळे मिटलेले. पाय पुढे पसरलेले आणि इतके सुजलेले की घोटा कुठला ते कळत नव्हतं. दंडाला आमचा पट्टा. समोर मंगल मोबाईल घेऊन बसली होती. ती हळू आवाजात नाव घ्यायची.

"सावळाराम."

"आला," ती बाई म्हणायची. मग पट्टा फुगायचा, बाईचा चेहरा आवळायचा, पट्टा सुटायचा.

"बनाबाई."

"आली."

मी उंबऱ्यातच उभी होते. शेवटी मंगलनं वर बघितलं आणि मोबाईल तिच्या हातून पडला.

त्या ठकुबाई. नवरा गेनबा वारून बारा वर्षं झालेली, एक मुलगी, भोंगवलीला दिलेली, आणि एवढंसं खाचर. डोंगरात मजुरी देऊन लावणी कोणी करत नाही. आज तुम्ही माझ्या खाचरात राबा, उद्या मी तुमच्यात, याला वारंगुळा म्हणतात. ठकुबाईंनी उभ्या जन्मात कोणाचा वारंगुळा ठेवून घेतला नव्हता. तापानं फणफणत असतानाही ही बाई दुसऱ्याच्या चिखलात उतरायची, असं मंगल मला रडत रडत सांगत होती. पण गेल्या आषाढात पाय सुजले. वाडीनं तिचं खाचर लावून दिलं आणि फेडायला तिच्याकडे काही उरलं नाही. त्याच दिवशी माझा फोन गेला. मंगल ओट्यावर बसून रडत होती. ठकुबाई म्हणाल्या, "रडतीस कशाला? त्यांचं हात गुंतल्यात, माझं मोकळं हायेत. माझ्या दंडाला बांध. तेवढाच माझा वारंगुळा."

हसावं की कपाळ बडवावं! एकतीस माणसांची लावणी खोळंबू नये म्हणून एका बाईनं एकतीस वेळा दंड दिला होता. मग ते सोयीचं पडलं, आणि लावणी संपली तरी दर महिन्याला चालूच राहिलं. आमच्या गोळ्या पोटात जात होत्या, म्हणून गोरखची डोकेदुखी थांबली, फुलाबाईंची चक्कर गेली. वाडीनं मात्र भलताच अर्थ लावला.

"ज्याचं नाव घेत्यात, त्याचं हितं उतरतं, बाय," ठकुबाई मला दंड दाखवत शांतपणे म्हणाल्या. "कुणाचं किती हाय ते मला कळतं. गोरखचं लई हाय. तवा कळ पार मानंपतुर जाती."

"मावशी, हे सगळं तुमचंच आहे! तुमचं बीपी आहे हे, गोरखचं नाही!" मी किंचाळलेच. "तुम्ही गोळ्या का घेत नाही?"

"माझं नाव न्हाई न्हवं तुमच्या मोबाईलात."

मी टॅबवर शोधलं. नाव होतं, वेगळ्या कप्प्यात. ठकुबाई गेनबा, वय अठ्ठावन्न, स्थलांतरित. खाली नोंद करणाऱ्याचं नाव: नुजहत. सर्वेक्षणाच्या आठवड्यात ठकुबाई लेकीच्या बाळंतपणाला भोंगवलीला गेल्या होत्या, घराला कुलूप होतं आणि मी ऑफिसात बसून एक बटण दाबलं होतं. मंगलनं नंतर तीनदा आठवण करून दिली. तीनही वेळा मी म्हटलं होतं, आधी काळी नावं संपव.

मला माझाच संताप आला, आणि रडूही. मी त्यांचं नाव यादीत घेतलं आणि पट्टा पुन्हा बांधायला गेले. ठकुबाईंनी हात मागे ओढला.

"आता कुणाच्या नावानं?"

"तुमच्या."

पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. "माझ्या नगं, पोरी. माझं उतरून घ्यायला कोण बसलंय?"

मी हात धरून बांधलाच. दोनशे चार, एकशे अठरा.

गोरख आणि सावळारामांनी घोंगडीची झोळी करून त्यांना फाट्यापर्यंत आणलं, तिथून टेम्पोनं भोरला. घाट उतरतानाच त्यांचं तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, किडन्या दोन वर्षांपूर्वीच कामातून जायला लागल्या असणार, पायांवरून तरी कोणाला कळायला हवं होतं. मी मान खाली घालून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि नातेवाईक कोण आहे म्हणून विचारलं. लेक भोंगवलीहून निघाली होती, पोचली नव्हती. तेव्हा त्यांनी मलाच सांगितलं. पाच मिनिटांपूर्वी गेल्या. आम्ही प्रयत्न केला. मी फक्त "बरं" म्हटलं.

त्याच वेळी आवारात टेम्पो थांबला आणि जांभूळटेपाच्या अकरा बायका उतरल्या. लावणी अर्धवट टाकून आल्या होत्या, पोटऱ्यांवर चिखल तसाच. व्हरांड्यात भिंतीला लागून त्या एका ओळीत बसल्या आणि कोणी काही विचारायच्या आत सगळ्यांनी बाह्या वर सारल्या.

"मशीन हाय न्हवं, नुजहतताई?" फुलाबाई म्हणाल्या. "एकेकीचं घ्या. ठकीच्या नावानं. वरीसभर तिनं आमचं सोसलं, आता अकराजणी मिळून तिचं उतरवू. तिचा वारंगुळा आमच्यावर हाय."

सांगायला हवं होतं मी. आयुष्यात मी कोणाला काही सांगायला कधी कचरले नाही. पण समोर ते अकरा दंड होते. मी पट्टा काढला, खाली बसले आणि फुलाबाईंच्या दंडाला बांधला.

"नाव घ्या की," त्या म्हणाल्या.

"ठकुबाई," मी म्हटलं.

फुलाबाईंनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "आली."