चुंबकाच्या मार्गावरची खडी

पास्कल गेल्याचं मला मुलुंडला कळलं. धावतपळत मरोळच्या चर्चमध्ये पोचलो, तर आमचे साहेब शवपेटीशेजारी उभं राहून सांगत होते, "पास्कल माझा उजवा हात होता..." महिना झाला, ते वाक्य अजून डोक्यात ठणकतंय. त्या हातानं काढलेलं साहेबांनी स्वतःच्या नावावर खपवलं, हे मात्र कुणी बोललं नाही.

घाटकोपरला रुळांचे सांधे बनवणाऱ्या कारखान्यात आम्ही दोघं ड्राफ्ट्समन. जपान-जर्मनीत चुंबकावर तरंगणाऱ्या गाडीचे प्रयोग चाललेत, हे पास्कलनं कुठल्याशा मासिकात वाचलं आणि तो झपाटलाच. "चाक रुळाला खातं, रूळ चाकाला," तो म्हणायचा. "वेग वाढला की झीज वाढते, हादरे वाढतात. ही गाडी बोटभर वर राहते रे, घासायला काही उरतच नाही!"

"मग आपले रूळ काय भंगारात घालायचे?"

"तीच तर गोची आहे. जुन्या रुळांवर ती चालायचीच नाही. सगळा मार्ग नवा बांधावा लागेल."

वर्षभर घरी बसून त्यानं त्या मार्गाचा नकाशा काढला आणि एक प्रत साहेबांना दिली. "हवेतल्या गाड्या हवेतच राहू देत," म्हणून हसत साहेबांनी ती ड्रॉवरमध्ये टाकली.

पुढच्या वर्षी अंधेरीला साहेबांचं व्याख्यान झालं. पडद्यावर तोच नकाशा, खाली साहेबांचं नाव. मार्ग काँक्रीटच्या खांबांवर, आणि त्यावर चक्क खडी पसरलेली! पास्कलच्या हाताची ती बावीस वर्षांची खोड. कागदावर रूळ काढला की खाली खडी आलीच; तरंगणाऱ्या गाडीला ती लागतेय कशाला? साहेबांनी चोरीसुद्धा डोळे मिटून केली होती. मी विचारायला उठलो, तर पास्कलनं माझा शर्ट ओढला. "बस ना यार! पोरीचं लग्न तोंडावर आलंय. नोकरी गेली तर वाट लागेल." मी बसलो. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही, साहेबांना तर मुळीच नाही.

पास्कलची बायको मार्था हिनं परवा गादीखालून मूळ नकाशा काढून माझ्या हातात दिला. आता तो माझ्या बाहेरच्या खोलीत, भिंतीवर आहे. त्यावर पास्कलची सही आहे, आणि तारीख व्याख्यानाच्या आधीची. कारखान्यातली माणसं एकेक करून बघून जातायत.

साहेब, हे ज्यात छापून येतंय ती पेपरची पुरवणी तुमच्या घरी येते, मला ठाऊक आहे. माझ्या पोरींची लग्नं झालीत, मी निवृत्तही झालोय. तुम्हीही या बघायला. चहा मात्र मिळणार नाही.