न वाजणारे बूट

काल मुलाच्या नव्या बुटांचं खोकं उघडलं आणि कातड्याच्या वासासरशी आमचे आप्पा आठवले.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. घोटा मुरगळल्यावर डॉक्टरांनी आप्पांच्या चपला सोडवल्या. घोट्यापर्यंतचे बूट निवडायला ते मला, कॉलेजातल्या लेकीला, घेऊन गेले. चपलांनी पसरलेले त्यांचे पाय मऊ तपकिरी बुटांत कसेबसे शिरले. दुकानात दोन फेऱ्या मारून आप्पा म्हणाले, "वाजत न्हाईत की हे!"

दुकानदार हसला. "पावणं, बूट हायती. करकरायला चपला हायती व्हय?"

"मग मी आलोय हे घरात कळायचं कसं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा कसला तोरा!

त्यांच्या चपलांची करकर गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायची. ती ऐकली की आम्ही भावंडं पत्ते उशीखाली सारून पुस्तकं उघडायचो.

बूट तेच घेतले. दुसऱ्या दिवसापासून आप्पा गल्लीच्या तोंडाशीच मोठ्यानं खाकरू लागले. आम्ही पत्ते लपवायचो आणि आप्पांना कसं फसवलं म्हणून हसायचो.

काल ते खोकं मुलाच्या खोलीत ठेवायला गेले, तेव्हा दाराबाहेर थांबून मी आधी खाकरले.