ओदालिस आधी विचारते

हवानातली ओदालिस बॉनेटला हात लावायच्या आधी शंभर चौकशा करते. ड्रायव्हर वैतागतात, पण सत्तर वर्षांच्या गाड्या घेऊन शेवटी तिच्याच दारात येतात.

त्या दिवशी रेनेरिओ आला. आठवडाभर त्याची टॅक्सी वीस मिनिटं झकास चालायची, मग पेट्रोल पोचेना म्हणून बंद पडायची. जरा थांबलं की पुन्हा सुरू. त्यानं पंप बदलला, नळी फुंकली, कार्ब्युरेटर धुतला, फरक शून्य.

“हे सुरू व्हायच्या आधी गाडीला नवीन काय बसवलंस?” ओदालिसनं विचारलं.

“काही नाही, मावशी. पेट्रोल चोरतात म्हणून टाकीचं झाकण तेवढं घट्ट केलं.”

ती उठून मागे गेली आणि तिनं झाकण फिरवलं. टाकीनं सूंऽऽ करून हवा आत ओढली. झाकणात जाड रबर कोंबलेलं होतं आणि हवेचं भोक पार बुजलं होतं.

“पेट्रोल बाहेर जायचं तर आत हवा नको यायला, शहाण्या? आणि हे रबर कुकरचं ना?”

रेनेरिओनं रबर उपसून खिशात घातलं.

“म्हणजे आठवडाभर घरी काळा घेवडा शिजलेला नाही. बायकोला काय सांगितलंस?”

“तिच्याबरोबर मीही शोधतोय.”