कुंपणासाठी प्रार्थना

दीनानाथ सोनवणे प्रार्थनेला उभे राहणार असं कळलं की गावातल्या बायका चुलीवरचं कालवण उतरवूनच चर्चला येत. आमेन कधी होईल याचा काही नेम नसे. राहुरीपलीकडचं ते गाव. मिशनची शाळा, आणि रविवारी तीच शाळा म्हणजे चर्च. दारात चपलांचा ढीग, आत सतरंजीवर एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, आणि मधोमध दीनानाथांचे वडील डोळे मिटून देवाशी बोलत असायचे, जणू तो शेजारच्या ओट्यावर सुपारी कातरत बसलाय. पोरानं तेच उचललं. पुढे एसटीच्या डेपोत टायर बदलण्यात हयात गेली, पण प्रार्थनेची लांबी तसूभर कमी झाली नाही. दसऱ्याला डेपोत हत्यारांची पूजा झाली की सोबती म्हणत, "सोनवणे, तुमच्याही देवाला सांगा दोन शब्द." एका वर्षी ते दोन शब्द एकेका गाडीचं नाव घेत इतके रंगले, की संगमनेर गाडी सुटेना आणि कंट्रोलरनं लाउडस्पीकरवर सांगून टाकलं, "प्रवाशांनी थांबावं, प्रार्थना चालू आहे."

तर असा हा माणूस इंग्लंडात मेडनहेडला आला. मुलगा सुश्रुत ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या कंपनीत. आईवडिलांना आणायचे नियम आजच्याइतके कडक नव्हते, तेव्हा त्यानं दोघांना बोलावून घेतलं. घराजवळच एक जुनं चर्च होतं. पहिल्याच रविवारी दीनानाथांनी सवयीनं दारात बूट काढले आणि मोज्यांवर आत गेले. दाराशी गाण्यांची पुस्तकं वाटायला एक उंच, लालबुंद म्हातारा उभा होता. त्यानं बूट पाहिले, मोजे पाहिले, पुस्तक हातात दिलं. पुढच्या रविवारी हीटरजवळच्या बाकाखाली एक जुना गालिचा अंथरलेला दिसला. तो कोणी अंथरला हे त्या म्हाताऱ्यानं, म्हणजे केनेथनं, आजतागायत कबूल केलेलं नाही.

तेव्हापासून ती जागा दीनानाथांची आणि केनेथ त्यांचा. उपासना संपली की कॉफीचे कप घेऊन दोघं खिडकीशी बसत. एकाचं इंग्रजी डेपोतलं, दुसऱ्याला मुळात बोलायचीच सवय नाही, तरी गप्पा सरत नसत. (बोलणं चाले इंग्रजीतच, पण आपण आपलं मराठीत ऐकू.) अशाच एका पावसाळी सकाळी केनेथनं कपात बघत बघत सांगितलं, की सख्खा भाऊ रॉय शेजारच्याच घरात राहतो, पण मधल्या कुंपणाची झाडं रॉयनं न विचारता तोडली तेव्हापासून बोलणं बंद आहे. आई गेली तेव्हासुद्धा दोघं दोन वेगळ्या गाड्यांतून दफनभूमीवर गेले.

दीनानाथांनी ऐकलं आणि मनात जपून ठेवलं.

मग नव्या पाळकबाई आल्या, रेव्हरंड फिलिपा. त्यांनी दीनानाथांना विचारलं, "लोकांसाठीच्या प्रार्थनेची पाळी घ्याल का?" असा मान! दीनानाथांनी सूट इस्त्रीला दिला. बाईंनी समजावलं, आधी जगासाठी, मग चर्चसाठी, मग आजारी माणसांसाठी, आणि सगळं मिळून कॉफी गार व्हायच्या आत.

झालं, तो रविवार आला. जग झालं, चर्च झालं, आजाऱ्यांची नावं झाली. सगळं बेतशीर. आणि मग दीनानाथांनी कागद खाली ठेवला, डोळे मिटले. डोळे मिटल्यावर कुठलं मेडनहेड आणि काय!

"आणि प्रभो, आमच्या केनेथसाठी. त्याचा भाऊ रॉय भिंतीला भिंत लावून राहतो, पण कुंपणावरून दोघांचा अबोला आहे. आईला पोचवायलासुद्धा दोन गाड्या लागल्या, प्रभो. त्यांच्यामधलं ते कुंपण तू काढ."

गावात असतं तर आमेननं छप्पर हललं असतं. दीनानाथांच्या आईनं एकदा बांधावरून भांडणाऱ्या शेजाऱ्याचं नाव घेऊन अशीच प्रार्थना केली होती, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं आमेन त्या शेजाऱ्यानंच म्हटलं होतं. इथं मात्र ऑर्गनवाला खोकला. पाळकबाई स्वतःच्या बुटांकडे पाहू लागल्या. त्या शांततेत एकट्या त्यांच्या बायकोचा, मधुमतीबाईंचा, खणखणीत मराठी "आमेन" घुमला, आणि दीनानाथांनी डोळे उघडले. शेवटच्या बाकापाशी केनेथ उभा होता. कान लालभडक. उपासना संपली तसा तो कॉफी न घेताच निघून गेला.

घरी जेवणाच्या टेबलावर सुनावणी झाली.

"बाबा, अहो ती कॉन्फिडेन्शिअल गोष्ट होती!" सुश्रुत कपाळाला हात लावून म्हणाला.

"त्यानं सांगितली म्हणून तर केली ना प्रार्थना," दीनानाथ म्हणाले. "दुःख सांगतात ते कशासाठी? नुसतं ऐकायला?"

"आबा, सगळा लोक एकदम फ्रीझ झाला," नात तनू म्हणाली. तिला आबांची दयाही येत होती आणि हसूही. "सो ऑकवर्ड! इकडे कोणी असं नाव घेऊन नाही बोलत."

"मग देवाला कळायचं कसं कोणता केनेथ?"

"देवाला कळलं," मधुमतीबाई आमटी वाढत म्हणाल्या, "पण आता अख्ख्या मेडनहेडलाही कळलं. तुम्हाला तिथे दुसरा कोण मित्र आहे, सांगा बरं? एक होता, तोही घालवलात."

दीनानाथांनी हातातला घास ताटात ठेवला. खरंच होतं ते. सुश्रुत आणि सून अक्षया दिवसभर कामाला, तनू कॉलेजात. आठवड्याभराचं बोलणं साठवून ठेवायचं ते केनेथसाठी.

दुसऱ्या दिवशी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन ते केनेथच्या दारात गेले. बेल वाजवली. आत रेडिओवर क्रिकेट चालू होतं. दार काही उघडलं नाही. डबा पायरीवर ठेवून ते परतले.

पुढच्या रविवारी केनेथ आलाच नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला, पण पुस्तक हातात देताना नजर भलतीकडे. दीनानाथ आपल्या बाकापाशी गेले आणि पाहतात तर गालिचा नाही. गुंडाळून भिंतीशी उभा करून ठेवलेला. थंडगार फरशीवर मोजे टेकवून ते बसून राहिले. मग एकमेकांना शांती द्यायची वेळ आली, लोक जागा सोडून हस्तांदोलन करत फिरू लागले. केनेथ सगळ्यांचे हात हातात घेत फिरला, पण हीटरपर्यंत आलाच नाही.

मग प्रभुभोजन, म्हणजे वेदीपाशी जाऊन भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा. आता इथं थोडं थांबून एक सांगायला हवं. दीनानाथांच्या गावी प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी तयारीची उपासना असे. ज्याचं कुणाशी बिनसलं असेल त्यानं आधी जाऊन मिटवायचं, तोवर वेदीपाशी पाऊल टाकायचं नाही. एकदा त्यांचे वडील ऐन उपासनेतून उठून शेजाऱ्याला शेतातून आणायला गेले होते, आणि तो चिखलाच्या पायांनी येईपर्यंत अख्खं चर्च बसून राहिलं होतं.

इथं रांगेरांगेनं लोकांना पुढे सोडायचं काम केनेथकडे. तो एकेका बाकाशी उभा राही, मान हलवी, आणि तो बाक उठे. असा करत करत तो दीनानाथांच्या बाकाशी आला. मान हलवली. दीनानाथ कडेलाच बसलेले. हलले नाहीत.

"अहो, उठा की," आतून मधुमतीबाई.

"ऊठ," केनेथ पुटपुटला. "पाय दुखतायत का?"

"पाय नाही. तू माझ्यावर रागावला आहेस. आमच्याकडे असं असताना पुढे जात नाहीत."

"मी रागावलेलो नाही."

"दार उघडलं नाहीस."

"मी माळ्यावर होतो."

"क्रिकेट लावून?"

केनेथचे कान पुन्हा रंगले. "दीना, मागे रांग खोळंबली आहे." आणि खरंच, मागचे सगळे बाक वाट बघत बसले होते. पाळी मोडून पुढे जाणं त्या बिचाऱ्यांच्या रक्तातच नाही. ऑर्गनवाल्याचं गाणं संपलं, त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"खोळंबू दे," दीनानाथ म्हणाले.

केनेथ वाकला, अगदी कानाशी आला. "ते मी तुला सांगितलं होतं. तुला. सगळ्यांना नाही."

दीनानाथांना एवढे दिवस सगळ्यांनी सांगूनही जे नीट उमगलं नव्हतं, ते या वाक्यानं उमगलं. "आमच्याकडे दुःख सांगितलं की ते प्रार्थनेसाठी सांगितलं असं धरतात," ते हळूच म्हणाले. "तू एकट्या मला दिलं होतंस, ते मी वाटून टाकलं. चुकलं माझं, केनेथ."

केनेथनं मागच्या रांगेकडे पाहिलं. मग म्हणाला, "सरक."

"काय?"

"तुझ्या गावच्या नियमानं मलाही जाता यायचं नाही. रॉयचं काय? सरक म्हणतो ना."

आणि तो चक्क बसला. दोघंही म्हातारे आता वाट अडवून! मधुमतीबाई साडी सावरत दोघांच्या गुडघ्यांवरून पलीकडे गेल्या. "देवा, दोघांना थोडी थोडी अक्कल दे," असं पुटपुटत त्यांनी मागच्या रांगेला हातानं खूण केली, आणि लोक सुटकेचा निःश्वास टाकून पुढे सरकले. शेवटी पाळकबाई खाली आल्या, हसू दाबत दोघांच्या डोक्यांवर एकेक हात ठेवला, आशीर्वाद दिला आणि परत वर गेल्या.

"तुझा गालिचा कुठे गेला?" केनेथनं खाली पाहत विचारलं.

"तूच ना गुंडाळलास?"

"मी? फरशी पुसायला आलेल्यांनी गुंडाळला असेल." तो खिडकीकडे पाहू लागला. "आणि मी कशाला तुझा गालिचा अंथरू-गुंडाळू?"

"नाही, नाही, तू कशाला," दीनानाथ म्हणाले. आतून मात्र हीटर लावल्यासारखं वाटलं त्यांना.

"पुढच्या पाळीला रॉयचं नाव घे," केनेथ म्हणाला. "नुसतं नाव. कुंपण नको."

पाळी आली. जग झालं, चर्च झालं, आजारी झाले. डोळे मिटायचा मोह आवरून, हातातला कागद घट्ट धरून दीनानाथांनी शेवटचं नाव वाचलं, "रॉय." आणि ते थांबले. आयुष्यातली त्यांची सगळ्यांत आखूड प्रार्थना ती. मागून केनेथचा आमेन असा आला की पाळकबाई दचकल्या.

त्या दिवशी कॉफी पिताना केनेथ कप फिरवत बसला. मग म्हणाला, "काल बागेतल्या शेंगा निघाल्या. थोड्या रॉयच्या पायरीवर ठेवल्या. बेल वाजवली आणि आलो पळून."

"पळून? या वयात?"

"चालत. भरभर."

"दार उघडलं त्यानं?"

"नाही," केनेथ म्हणाला. "रेडिओ चालू होता."

"म्हणजे घरात आहे. चल," दीनानाथ म्हणाले, आणि कप खाली ठेवून बूट घालायला दाराकडे निघाले.