हेडमास्तर डबलसीट

कळंबच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून लागले तेव्हा गावाला दोन धक्के बसले. एक म्हणजे मी सायकलवरून येत होते. दुसरा म्हणजे ती सायकल पुरुषांची होती, मधल्या दांडीची. आमच्या आईसारखं काष्टा घालून नऊवारी नेसले असते तर दांडी म्हणजे काहीच नव्हतं. पण मी शिकलेली, म्हणून गोल पातळात अडकलेली. चढताना सायकल आडवी पाडायची, दांडी ओलांडायची, मग सायकल आणि मी दोघींनी मिळून उभं राहायचं. पहिले काही दिवस ते बघायला लोक कामं टाकून थांबत. मग त्यांना कंटाळा आला.

पोशीरहून कळंबला एसटी होती. म्हणजे वेळापत्रकात होती. म्हणून बाबांनी आपली सायकल मला दिली. बाबा नेरळला रेल्वेत गँगमन होते. "मला दिवसभर रुळावरून चालायचं," ते म्हणाले, "सायकल काय रुळावर चालवू?"

कॅरमही बाबांनीच शिकवला. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी लहान होते. घरातले देव नदीला गेले, देव्हाऱ्याचा कोनाडा रिकामा झाला आणि बाबांनी त्यात सोंगट्यांचा डबा ठेवला. बोर्ड त्यांना स्टेशनातल्या कुणीतरी टाकून दिलेला मिळाला होता. रविवारी दुपारी आम्ही बापलेकी बसायचो. आई भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "देव गेलं तं गेलं, आता त्या फळीची पूजा करीत बसा." पण राणी कुणी घेतली, हे तीच आधी विचारायची.

शाळेचे हेडमास्तर नेरळचे. अंगानं भरलेले, परीटघडीचं धोतर, काळी टोपी. तेही सायकलनंच यायचे, आणि त्यांचा रस्ता आमच्या पोशीरवरूनच जायचा. त्यामुळे सकाळी बऱ्याचदा ते पुढं आणि मी मागं अशी आमची वरात निघायची. ते इतके सावकाश चालवत की त्यांच्या मागं राहण्यासाठी मला तोल सांभाळण्याची सर्कस करावी लागे. पण हेडमास्तरांना मागं टाकून पुढं जायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडल्यासारखं. मी नुसती घंटी वाजवायची. ते मागं न बघता म्हणायचे, "ऐकू आली, बाई."

त्यांच्या हँडलला एक तांब्या बांधलेला असे, वर पेला उपडा. घरचं पाणी. शाळेत माठ होता. मी लागायच्या आधी हेडमास्तर गुरुजी त्याच माठातलं पाणी पीत होते, असं आमच्या शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी लागले आणि तांब्या आला. त्याबद्दल मी कधी काही विचारलं नाही, गुरुजींनी कधी काही सांगितलं नाही. तांब्या मात्र रस्ताभर पेल्यावर वाजून सगळं सांगत असायचा.

आता गंमत अशी की गुरुजींना कॅरमचं वेड होतं. शाळेत एक बोर्ड होता, पण दुसऱ्या मास्तरांना सोंगटी आणि स्ट्रायकर यांतला फरक बोट दुखल्यावर कळायचा. मग मधल्या सुट्टीत गुरुजी माझ्याशी खेळू लागले. माझ्या हातातला स्ट्रायकर त्यांच्या हातात, त्यांच्या हातातला माझ्या. त्याची त्यांना कधी अडचण झाली नाही. पाण्याचे नियम निराळे आणि कॅरमचे निराळे. मी त्यांना पाचातले तीन डाव हरवायचे. हरले की ते म्हणत, "आज बोर्ड दमट आहे." भर एप्रिलातसुद्धा.

दर हिवाळ्यात खालापूरला कर्जत आणि खालापूर अशा दोन्ही तालुक्यांतल्या शाळा-कचेऱ्यांतल्या लोकांचे खेळ व्हायचे. पुरुषांना व्हॉलीबॉल, कॅरम, बुद्धिबळ. बायकांना रांगोळी, संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा. गुरुजी आदल्या वर्षी दुसऱ्या मास्तरांना घेऊन कॅरमच्या दुहेरीत गेले होते आणि पहिल्याच फेरीत बाद होऊन आले होते. या वर्षी ते एके दिवशी टोपी काढून, पुन्हा घालून, खोकून मला म्हणाले, "बाई, दुहेरीला माझ्याबरोबर बसाल का?"

"बसेन की. पण बायकांना लिंबू-चमचा आहे म्हणतात."

"पत्रकात कॅरमला 'कर्मचारी' एवढंच म्हटलंय. तुम्ही कर्मचारी नाही का?"

"पगाराच्या दिवशी असते."

ते हसले नाहीत. पण आमचं ठरलं.

एसटीवर गुरुजींचा विश्वास नव्हता, म्हणून नेरळ, कर्जत आणि तिथून खालापूर असं सगळं सायकलनंच जायचं ठरलं. भल्या पहाटे मी निघाले. थंडी होती, भात कापून झालेलं, खाचरांत वाल टाकलेला. नेरळला गुरुजी तयारच होते. हँडलला तांब्या, खिशात रेशमी पिशवीत त्यांचा खास स्ट्रायकर. कर्जतपर्यंत सगळं ठीक गेलं. पळसदरीच्या पुढं मात्र गुरुजींच्या सायकलीनं दगा दिला. फ्रीव्हील गेलं. गुरुजी पेडल मारतायत, पाय गरगर फिरतायत, आणि सायकल जागच्या जागी. एवढी मेहनत करून न हलणारी वस्तू मी त्याआधी एकच पाहिली होती, आमच्या शाळेच्या छपराच्या दुरुस्तीचा अर्ज.

जवळच्या चहाच्या टपरीवर ती सायकल ठेवली. आता आम्ही दोघं आणि सायकल एक.

"मी चालवतो," गुरुजी म्हणाले, "तुम्ही मागं बसा."

मी बसले. आम्ही साधारण एका खाचराच्या लांबीएवढं गेलो आणि मग थेट त्या खाचरातच गेलो. गुरुजींचं धोतर चेनमध्ये, टोपी वालात, माझ्या हँडलला आणून बांधलेल्या तांब्यातलं निम्मं पाणी मातीत. मी उठले, आधी सायकल बघितली, मग गुरुजींना बघितलं. लागलं कुणालाच नव्हतं.

"गुरुजी, आता तुम्ही मागं बसा."

"लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ताही म्हणालेच असते, सुदैवानं कुणी नव्हतं."

शेवटी ते कॅरिअरवर बसले, दोन्ही पाय एका बाजूला, तांब्या मांडीत. मी पातळ खोचलं आणि निघाले. गुरुजींचं वजन मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. चढ आला की ते उतरून मागून ढकलत, उतार आला की डोळे मिटून बसत. वाटेत डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी भेटली. ती थांबलीच.

"काय गं, नवरा का तुजा?"

"नाही हो आजी, हेडमास्तर."

"मंग ठीक हाय. आमचा नवराबी असाच बसून ऱ्हातो."

मला इतकं हसू आलं की हँडल सुटलं. सायकल खड्ड्यातून उसळली, तांब्या गुरुजींच्या मांडीतून उडाला आणि रस्त्यावर रिकामा झाला. गुरुजींनी उतरून तो उचलला, आत डोकावून बघितलं, आणि रिकामा तांब्या परत मांडीत घेऊन बसले.

खालापूर अजून लांब होतं, ऊन चढलेलं. माझ्या पिशवीत सरबताच्या जुन्या बाटलीत पाणी होतं. एका झाडाखाली मी थांबले, घोट घोट प्यायले, आणि बाटली त्यांच्यापुढं धरली.

"नको," ते म्हणाले. "मला तहान नाही."

बोलताना त्यांची जीभ टाळूला चिकटली, तो आवाज मला ऐकू आला. मी बाटलीला बूच लावलं. राग आला का? आला. पुढचा खड्डा मी चुकवला नाही, एवढंच सांगते.

खालापूरच्या स्टँडवर आम्ही शिरलो तेव्हा उभी असलेली माणसं बघायला लागली आणि बसलेली उभी राहिली. बाई सायकल हाणतेय आणि मागं काळ्या टोपीचे गुरुजी रिकामा तांब्या घेऊन बसलेत, असं तिथं तोवर झालं नसावं. मैदानात नावं घेणारे गृहस्थ मला बघून म्हणाले, "ताई, लिंबू-चमचा मागच्या अंगणात."

"मी कॅरमला आलेय."

"बघायला?"

"हरवायला," गुरुजी मागून म्हणाले. घसा इतका कोरडा होता की ते वाक्य दारासारखं करकरलं. पण त्यांच्या तोंडून ऐकलेलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तेच.

आम्ही खेळलो आणि चांगलं खेळलो. समोरच्या पुरुषांची निम्मी ताकद, बाईकडून हरलो तर घरी काय सांगायचं, यातच जात होती. गुरुजी उलट्या सोंगट्या छान काढत, मी लांबचे कट मारत होते. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही अंतिम फेरीत होतो. समोर एका कचेरीतले हेडक्लार्क आणि तिथलेच भाऊसाहेब म्हणवणारे कारकून. हे दोघं दर वर्षी जिंकत. एवढी गर्दी जमली की खोलीतला उजेड अडला आणि पंचांना लोकांना मागं रेटावं लागलं.

पंच म्हणजे एक विस्तार अधिकारी. अतिशय कडक. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं, "जोडीदारानं जोडीदाराला खूण करायची नाही. शब्दानं नाही, डोळ्यानं नाही, खोकूनही नाही."

आता गुरुजींनी सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. मैदानावर एक पिंप होतं, ते व्हॉलीबॉलवाल्यांनी दुपारीच संपवलं होतं. वर बोर्डावरची बोरिक पावडर उडत होती. माझी पाळी आली, मी राणीवर नेम धरला, आणि गुरुजींना खोकला आला.

"फाऊल!" हेडक्लार्क ओरडले. "खूण केली!"

"मला खरंच..." गुरुजी म्हणाले, आणि पुन्हा खोकले.

पंच म्हणाले, "गुरुजी, आणखी एकदा खोकलात तर जोडी बाद."

गुरुजींचा चेहरा लाल झाला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, छाती आतल्या आत उडत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पिशवीतून बाटली काढली आणि बोर्डावरून त्यांच्याकडे सरकवली. पावडरीमुळे ती झकास गेली, एकाही सोंगटीला न लागता थेट त्यांच्या हातापाशी.

क्षणभर त्यांनी ती बघितली. खेळांना आलेले कळंबचे दोघंतिघं गर्दीत उभे होते, त्यांनीही बघितलं. मग गुरुजींनी बूच काढलं, मान मागं टाकली, बाटली वर उंच धरली आणि वरून ओतायला लागले. पण खोकणाऱ्या माणसाला वरून पिता येत नाही. थोडं पाणी नाकात गेलं, थोडं सदऱ्यावर, आणि बरंचसं बोर्डावर.

एकच गिल्ला झाला. हेडक्लार्क म्हणाले, मुद्दाम सांडलं. भाऊसाहेब म्हणाले, आम्ही जिंकलो असं जाहीर करा. आणि पंच, ज्यांचा दिवसभराचा संयम त्या पाण्याबरोबर वाहून गेला होता, ते गुरुजींवर खेकसले, "अहो, वरून काय ओतताय! बाटलीला तोंड लावून प्या! सरळ तोंड लावा!"

झालं. सरकारी हुकूमच निघाला. गुरुजी सरकारी नोकर. त्यांनी बाटलीला तोंड लावलं आणि तळाचा थेंब येईपर्यंत प्यायले.

मला तेव्हा भरून वगैरे आलं नाही. माझे कान तापले होते आणि मी बोर्डाकडेच बघत होते. आणि खरं सांगायचं तर परतीला मला पाणी उरलं नाही, हाही विचार मनात होता.

पंचांनी सोंगट्यांच्या जागा कागदावर उतरवून घेतल्या, बोर्ड पुसला, बाहेर उन्हात धरला, डबाभर पावडर ओतली. डाव पुढं सुरू झाला. मी राणी घेतली. कव्हरसाठी एकच सोंगटी हवी होती, सोपी, सरळ. मी मारली. ती निघाली, छान निघाली, आणि पॉकेटच्या तोंडाशी ओल्या डागावर येऊन चिकटली. राणी परत मध्ये ठेवावी लागली. पुढच्या पाळीत भाऊसाहेबांनी ती घेतली आणि आम्ही हरलो.

"माझ्यामुळे हरलो, बाई," गुरुजी म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

त्यावर मात्र ते हसले.

दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस आधीच आणून ठेवलेलं होतं. दोघांना एकेक दाढीचा संच. वाटी, ब्रश, वस्तरा, तुरटीचा खडा. बक्षीस देणारे साहेब माझ्या हातात तो डबा ठेवताना गडबडले. "घरी कुणाला तरी होईल," म्हणाले. बाबांना झाला. आईनं तुरटी तेवढी काढून घेतली.

परतीला एसटीच्या टपावर सायकल टाकली. टपरीवर गुरुजींची सायकल उचलली, तीही टपावर. कर्जतपर्यंत गुरुजी झोपले होते.

तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवसापासून तांब्या बंद झाला. नाही झाला. दुसऱ्या दिवशी तो हँडलला तसाच वाजत होता. उन्हाळ्यात मात्र एकदा मधल्या सुट्टीत गुरुजी उठले, माठाशी गेले, पाणी प्यायले आणि येऊन स्ट्रायकर हातात घेतला. पुढं कधी तांब्या असायचा, कधी नसायचा. त्यांच्या मनात काय चालायचं, ते मला सांगता येणार नाही. माझा नेम लागत होता तोवर मला त्याची फारशी फिकीर नव्हती.

पुढच्या वर्षी खालापूरवाल्यांनी सुधारणा केली. कॅरमला महिला एकेरी सुरू केली. नाव दिलेली बाई मी एकटीच, त्यामुळे एकही सोंगटी न हलवता मी पहिली आले आणि मला कपबश्या मिळाल्या. खेळायला मिळालं नाही म्हणून मी इतकी चिडले की तिथल्या दवाखान्यातल्या दोन नर्सबाईंना लिंबू-चमच्याच्या रांगेतून हाताला धरून काढलं आणि बोर्डावर बसवलं. एकीचा अंगठा असा काही चालला की त्याच्या पुढच्या वर्षी तिनं मला सरळ हरवलं. मग दर वर्षी आम्ही दोघी अंतिम फेरीत भांडायचो. गुरुजी मागं उभे राहून तिला सल्ले द्यायचे, कारण म्हणे माझ्या खेळात उद्धटपणा फार होता.